इंद्रभानभाऊंनी झाकलेली टेकडी

इंद्रभानभाऊंशी माझी ओळख भांडणातून झाली. मी मेहकरची. या गावच्या शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि सोजराबाईंच्या घरात एक खोली भाड्यानं घेतली. खोली छान, मालकीणबाई तोंडाने फटकळ पण मनाने मोकळ्या, खिडकीतून वाराही भरपूर. फक्त तो वारा टेकडीच्या अंगानं यायचा आणि येताना शेणाचा, कुजक्या पाल्याचा असा दरवळ घेऊन यायचा की ताटावर बसलेल्या माणसानं उठून जावं. थोडे दिवस सोसलं. मग एका रविवारी ओढणी कमरेला बांधून त्या वासाच्या मागावर निघाले. राग आला की मला बसवत नाही, हे माझी आई कोणालाही सांगेल.

टेकडीच्या पायथ्याशी एक पन्नाशीचा, उंच, वाळका माणूस कचऱ्याच्या ढिगात लोखंडी सळई खुपसून उभा होता. त्याने सळई उपसली, तिचं टोक तळहातावर धरलं आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटले.

"हा ढीग तुमचा का?" मी विचारलं.

"हाव. आतून शिजून राह्यला. अजून गरम आहे."

"गावभर वास सुटलाय. कळतंय का तुम्हाला?"

"कळते ना मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "शेण जास्त झालं, कुटार कमी पडलं. वाळलेलं टाकलं का वास बसते. तुमच्या शाळेत खिचडी शिजते, तिचे भाजीचे देठं, सालपटं कुठं फेकता?"

मी भांडायला गेले होते. परत आले ती शाळेचा ओला कचरा रोज त्यांच्याकडे पाठवायचं कबूल करून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या वासाचे आज मी मनापासून आभार मानते. तो सुटला नसता तर मी हे गाव नुसतं नोकरीपुरतं पाहिलं असतं आणि बदली होताच विसरूनही गेले असते.

गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत, कारण माणसं ओळखीची आहेत आणि सोजराबाईंना वर्तमानपत्रातसुद्धा स्वतःचं नाव आवडत नाही. डोणगावच्या रस्त्याला एक फाटा लागतो, त्याच्या आत गाव. गावाच्या मागे टेकडी. टेकडीच्या पायथ्याशी बौद्ध समाजाची खालची आळी, तिचं विहार आणि तिची विहीर. इंद्रभानभाऊ याच आळीतले. नळयोजना गावात आहे, पण पाणी वरच्या, सोजराबाईंच्या आळीतच संपायचं, खाली यायचं ते नळाच्या तोटीतून नुसती हवा. म्हणून खालच्या आळीचा सारा जीव त्या विहिरीवर होता.

आणि ती विहीर बुजत चालली होती. टेकडी एका अंगानं पार सोललेली होती. गवताची काडी नाही, झुडूप नाही, लाल-पिवळा उघडा मुरूम. पावसाळ्यात तो मुरूम वाहून सरळ विहिरीत उतरायचा. पाणी गेरू कालवल्यासारखं लाल व्हायचं. उन्हाळ्यात आळीतली माणसं आत उतरून पाट्या-पाट्यांनी गाळ काढायची आणि पुढच्या पावसाळ्यात विहीर पुन्हा तेवढीच भरायची. दरवर्षी तळ वर येत होता. आणखी थोडे पावसाळे असेच गेले असते तर आळीला घरं सोडून पाण्यामागे जावं लागलं असतं.

"ही टेकडी अशी सोलली कोणी?" मी एकदा विचारलं.

"म्या," इंद्रभानभाऊ म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतात. पण ते थट्टा करणारे नव्हतेच. तरुणपणापासून ते जेसीबी चालवायचे. मोठ्या रस्त्याच्या कामाला मुरूम हवा होता, ग्रामपंचायतीचा ठराव झाला, ठेकेदाराचं यंत्र आलं आणि ते चालवायला गावचाच माणूस, म्हणून सगळ्यांना आनंदच झाला. आधी वरची काळी माती खरडून ओढ्यात लोटली, मग मुरूम उपसला. कोणाच्या डोक्यात आलं नाही की ती वीतभर माती हीच टेकडीची कातडी होती. मग एका पावसाळ्यात, विहिरीच्या ओट्यावर साचलेल्या त्या लाल चिखलावरून इंद्रभानभाऊंच्या बायकोचा, अन्नपूर्णाताईंचा, पाय घसरला. भरलेल्या घागरीसकट पडल्या. पाय मोडला. हाड जुळलं, पण चाल कायमची लंगडी झाली.

"ती मले एक शब्द बोलली नाई," भाऊ मला सांगत होते. "बोलली असती त बरं झालं असतं."

मी अन्नपूर्णाताईंनाही विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्या एवढंच म्हनलं का पाय मोडला तो मोडला, विहीर मोडू देऊ नका. ज्या हातानं उघडी केली त्याच हातानं झाकून द्या." मग जरा हसल्या. "आता त्याले बोलनं म्हनाचं का काय म्हनाचं, तुमीच सांगा."

भाऊंनी जेसीबी सोडली आणि टेकडी धरली. पहिल्या वर्षी रोपं लावली, ती वाळली. दुसऱ्यांदा लावली, टँकरनं पाणी घातलं, तीही वाळली. गावानं हसून घेतलं. मग त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. त्या सबंध उघड्या अंगावर एकाच ठिकाणी हिरवं होतं. तिथे पूर्वी कधी तरी सोजराबाईंच्या सासरच्यांचा उकिरडा होता. उकिरडा केव्हाच हलला, पण त्या जागी मुरमातसुद्धा गवत उठायचं, भोपळ्याचा वेल आपोआप यायचा. भाऊ तिथे जाऊन बसले, मुरूम उकरला, हातावर घेतला. काळपट, भुसभुशीत, ओल धरून बसलेला. त्यांचं त्यांनाच हसू आलं. "आपन उपाशी मानसाच्या पाठीवर पोतं देऊन राह्यलो होतो मॅडम. आधी जेवाले त द्याव."

मग ते कृषी खात्याच्या शिबिराला जाऊन कंपोस्टचं शिकून आले आणि जेवण रांधायला लागले. सोयाबीनचं कुटार, मळणीत उरलेलं भुसकट ते, बारीक केलेली पराटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, कडुनिंबाचा पाला, शेण, घराघरातला ओला कचरा. एक थर ओला, एक थर वाळका, वर शेणकाला, अधूनमधून ढीग उलटायचा. खत पिकलं की नाही ते सळईवर आणि नाकावर ठरायचं. सळई गार लागली आणि मातीचा वास आला की झालं. मग टेकडीवर आडवे चर खणायचे, चरात खत भरायचं, त्यात मारवेल गवताची ठोंबं लावायची. गवत माती धरणार, माती पाणी धरणार, मग झाडं. एवढं साधं होतं, आणि एवढं अवघड, कारण टेकडी मोठी आणि खत थोडं.

कचरा मागताना त्यांची चिकाटी बघण्यासारखी होती. लग्नघरी जेवायला जाण्याआधी मागच्या दारी जाऊन पत्रावळींची चौकशी करायचे. चहाच्या टपरीवरून चोथा न्यायचे. आणि मिळालेल्या कचऱ्याला नावंही ठेवायचे. कोणाच्या पाटीत गुटख्याची पुडी सापडली की ती घेऊन त्या घरी परत जायचे आणि दारात उभं राहून म्हणायचे, "हे तुमचं राह्यलं होतं." लोक वैतागायचे. सोजराबाई तर म्हणायच्या, "फुकटात नेते अन् वर खोड्या काढते. राजाच लागून गेला कचऱ्याचा." मलाही एकदा पेनाची टोपणं परत मिळाली होती आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

पण पहिला पट्टा लागला. अगदी पायथ्याशी, विहिरीच्या डोक्यावरचा. एक पावसाळा गवतानं मुरूम धरून ठेवला आणि त्या अंगानं विहिरीत उतरणारा लाल ओघळ थांबला. गावाचं हसू तिथे थांबलं. त्यानंतर वर्षभर दोन्ही आळ्यांतून कचरा आपण होऊन यायला लागला. ढीग वाढत वाढत विहाराच्या भिंतीएवढा लांब झाला. पावसाळा सरल्यावर जमीन मऊ होती तोवर रोजगार हमीतून साऱ्या टेकडीवर चर खणून झाले. आता फक्त खत भरायचं होतं.

पण आधी टेकडी नुसती उघडी होती, आता ती उकरलेलीही होती. चर भरले नाहीत, गवत लागलं नाही, तर पुढच्या पावसात तो सगळा मोकळा झालेला मुरूम एकदम खाली येणार आणि विहीर एका पावसाळ्यात बुजणार. भाऊंनी सगळं त्या ढिगावर लावलं होतं.

आणि मग दिवाळी आली.

आमच्याकडे धनतेरसेच्या संध्याकाळी उकिरड्यावर दिवा लावतात. उकिरडा म्हणजे शेताची लक्ष्मी. त्या दिवसापासून भाऊबीजेपर्यंत आपल्या उकिरड्यातलं ओंजळभर खतही कोणी कोणाला देत नाही, लक्ष्मी दुसऱ्याच्या घरी जाते म्हणतात. तर त्या दुपारी करंज्या लाटता लाटता सोजराबाई म्हणाल्या, "यंदा एक दिवा आपल्या उकिरड्यावर अन् एक इंद्रभानच्या. गावातला सगळ्यात मोठा उकिरडा आता त्याचाच आहे. बारा वर्सांनी उकिरड्याचेबी पांग फिटतात म्हनते ते खोटं नाई." ही गोष्ट वरच्या आळीत पसरायला वेळ लागला नाही.

दिवेलागणीला बायका पणत्यांची ताटं घेऊन खाली उतरल्या. त्या आळीत सणाच्या दिवशी इतक्या बायका मी तरी कधी पाहिल्या नव्हत्या. भाऊ ढिगाजवळच होते. थंडीत ढीग निवू नये म्हणून दोनच दिवसांपूर्वी त्यांनी त्यावर नव्या सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर पांघरला होता. ताटं बघून ते गडबडले. अन्नपूर्णाताईंना हळूच म्हणाले, "आपन हे मानत नाई."

"आपन नाई मानत," ताई म्हणाल्या. "पन त्या मान घेऊन आल्या दारात. आलेला दिवा कोनी परत धाडते का?"

भाऊंनी चपला काढल्या आणि बाजूला उभे राहिले. बायकांनी ढिगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पणत्या ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. सगळ्या हसत-बोलत होत्या. भाऊ मला म्हणाले, "मॅडम, कचऱ्याची पूजा होऊन राह्यली आज." कुटार पेट घेईल हे त्यांना सुचलं नाही असं नाही, ते मला नंतर म्हणाले. सुचलं होतं. पण त्या वेळी बोलायची जीभ झाली नाही.

बायका घरी पोचेपर्यंत टेकडीवरून वारा सुटला. एखादी पणती कलंडली असेल. बघता बघता कुटार भडकलं आणि ढीग एका टोकापासून पेटत गेला. दोन्ही आळ्या धावल्या. विहिरीवर रांग लागली, नव्या लुगड्यांतल्या बायका लाल पाण्याच्या बादल्या हातोहात देत होत्या. वरचा जाळ विझला, पण आत धुमसतच राहिलं. भाऊ ओरडून सांगत होते, "पानी पुरे, आता माती लोटा, आतली हवा तोडा." जेवणवेळेला धूर बसला. तोवर ढिगाचा बराचसा भाग काळा होऊन खचला होता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बायका एकमेकींकडे बघेनात. कोणी म्हणालं वारा, कोणी म्हणालं तेल जास्त. भाऊ विहिरीच्या ओट्यावर बसले होते. "वर्स गेलं," एवढंच म्हणाले आणि टेकडीवरच्या त्या उघड्या चरांकडे बघत राहिले. त्यांच्या शेजारी अन्नपूर्णाताई येऊन बसल्या. सोजराबाई घरी गेल्या आणि जेवल्या नाहीत. मला दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं घरी मेहकरला जायचं होतं. पिशवी भरून ठेवली होती, पण माझंही मन निघेना.

सकाळी नरकचतुर्दशीची आंघोळ झाली. मी बाहेर आले तर सोजराबाई ओल्या केसांनिशी परसात, आपल्या उकिरड्यावर, फावड्याने खत पाटीत ओढत होत्या. वय सत्तरीच्या पुढचं.

"आजी, आज नाही ना देत?" मी म्हटलं. "लक्ष्मी जाते ना?"

"मले नको शिकवू," त्या कडाडल्या. "लक्ष्मी काल माह्या दिव्यानं जळाली. आता घरात कोन्ती लक्ष्मी राह्यली जायाले? उचलू लाग पाटी."

मी पाटी त्यांच्या डोक्यावर ठेवली, दुसरी माझ्या डोक्यावर घेतली. गावातून खाली उतरताना दारादारात रांगोळ्या काढणाऱ्या बायकांचे हात थांबले. भाऊ जळक्या ढिगातून अजून काय वाचलं ते बघत होते. सोजराबाईंना बघून पुढे आले.

"काकी, सनाचं काऊन आनलं? राहू द्या."

"बोलू नको. कुठं टाकू ते सांग."

भाऊंनी पाटीत हात घातला, मूठभर खत नाकाशी नेलं. "पिकलं आहे," ते म्हणाले. मग त्यातून बिस्किटाच्या पुड्याचा एक चकचकीत कागद दोन बोटांनी बाहेर काढला आणि सवयीनं म्हणून गेले, "पन हे तुमचं राह्यलं." सोजराबाईंनी त्यांना जी शिवी हासडली ती इथे लिहिता येणार नाही. भाऊ हसले. काल संध्याकाळपासून पहिल्यांदा.

आम्ही दुसरी पाटी आणायला वर निघालो तर वाटेत तिघीजणी पाट्या घेऊन खाली येत होत्या. त्यांच्यामागे आणखी. खालच्या आळीतल्या घरांनीही आपले लहानसहान उकिरडे उपसले. दुपारी एक बैलगाडी आली, मग ट्रॅक्टर. ज्या दिवसांत ओंजळभर खत घराबाहेर जात नाही त्या दिवसांत, भाऊबीजेपर्यंत, गावानं आपले पिकलेले उकिरडे टेकडीच्या पायथ्याशी आणून ओतले. स्वतःच्या शेताचा वाटा काढून दिला होता प्रत्येकानं. भाऊंनी जळका ढीग उघडला तेव्हा आतला गाभा शाबूत निघाला. वरचा कोळसाही त्यांनी फेकला नाही, नव्या खतात मिसळला. "कोळसा ओल धरते," म्हणाले. भाऊबीजेला ते दारोदार गेले, हात जोडले आणि कुठेच धड बोलू शकले नाहीत. शेवटी अन्नपूर्णाताईच प्रत्येक दारात म्हणायच्या, "लई उपकार झाले बाई." मी घरी उशिरा गेले, आईची बोलणी खाल्ली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

उन्हाळ्यात चर भरले. मारवेलाची ठोंबं भाऊंनी रोहिणखेडकडच्या मेहुण्याच्या बांधावरून ओल्या पोत्यात बांधून एस.टी.नं आणली. पाऊस लागला तशी ती लावली, मधूनमधून करंज आणि सीताफळं. सुरुवातीचा पाऊस भला होता, रिमझिम पडत राहिला, गवताला रुजायला वेळ दिला त्यानं. त्याचेही उपकारच.

परीक्षा श्रावणात झाली. एक दिवस आणि एक रात्र पाऊस असा कोसळला की शाळा बंद ठेवावी लागली. मला खिडकीतून टेकडी दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. सकाळी उघडीप झाली तसे सगळे विहिरीकडे निघाले. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं.

टेकडीवरून पाणी अजून उतरत होतं, पण प्रत्येक चरात थांबत, गवताच्या बुडातून झिरपत. विहीर चढली होती. मी ओट्यावरून वाकून बघितलं. पाणी स्वच्छ होतं. आतल्या दगडी पायऱ्या खालपर्यंत एकेक दिसत होत्या. माझ्या शेजारी कोणी तरी रडत होतं, आणि खरं सांगते, मीही रडत होते. भाऊ मात्र नुसते उभे होते, गुडघ्यापर्यंत भिजलेले. अन्नपूर्णाताई लंगडत पुढे झाल्या, कोणाचा हात न धरता ओट्यावर चढल्या आणि बादली विहिरीत सोडली.

तेवढ्यात मागून काठी टेकत सोजराबाई आल्या. गर्दीतून वाट काढत ओट्यापाशी पोचल्या आणि म्हणाल्या, "अन्नपूर्णा, मले पानी दे."

अन्नपूर्णाताईंचा हात दोरावरच थांबला. सोजराबाईंच्या घरातल्या कोणी या विहिरीचं पाणी आजवर तोंडाला लावलेलं नव्हतं. त्यांच्या सासूनं नाही, सासूच्या सासूनं नाही. का, ते इथे कोणाला सांगावं लागत नाही. आग विझवायला ते पाणी त्यांच्या हातांनी उचललं होतं, पण पिण्याची गोष्ट वेगळी.

"काय पाह्यतं अशी?" सोजराबाई खेकसल्या. "माह्या उकिरड्याचं खाऊन ही टेकडी उभी राह्यली. तिचं पानी मी नाई पेनार त कोन पेनार?"

अन्नपूर्णाताईंनी बादली वर ओढली. तांब्या विसळला, भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. सोजराबाईंनी तो ओठाला लावला आणि उभ्या उभ्या, न थांबता, रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं. मग तांब्या परत पुढे धरला.

"अजून दे," त्या म्हणाल्या, आणि अन्नपूर्णाताईंनी बादली पुन्हा विहिरीत सोडली.